दिलदार वैमानिक

1930 सालचा मे महिना होता. इजिप्त देशातील अलेक्झांड्रिया शहराजवळ अबुकीर येथे विमाने उतरण्याचा एक तळ होता. त्या तळावर भारतातून निघालेले एक चिमुकले विमान येऊन उतरले. त्यातील वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नव्हते, जवळ रेडिओ नव्हता, सोबतीला कोणी माणूस नव्हता. नकाशे आणि होकायंत्र एवढाच काय तो आधार. विमानातून पंचवीस वर्षांचा एक सडपातळ तरुण खाली आला. कराचीहून निघून तो एकटाच लंडनला चालला होता. तळावर त्याला आपल्या विमानासारखेच दुसरे एक विमान उभे असलेले दिसले. चौकशी करता त्याला कळले, की ते अस्पी इंजिनिअर नावाच्या तरुणाचे आहे.

अस्पी हा त्याचा प्रतिस्पर्धी. जो भारतीय वैमानिक इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला ठरलेल्या मुदतीत एकट्याने विमान नेईल, त्याला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. जो प्रथम पोहोचेल, त्याचा मान. तिघे तरुण या स्पर्धेत उतरले होते. अस्पी इंग्लंडहून निघून भारताकडे येत होता, आणि हा तरुण भारतातून निघून इंग्लंडकडे जात होता. दोघांचे मार्ग अबुकीरला एकमेकांस मिळाले.

अस्पीचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. तो तेथे अडकून पडला होता. विमानाच्या यंत्रात पेट्रोलची वाफ पेटविण्यासाठी विजेची ठिणगी पाडावी लागते. ती पाडणाऱ्या लहानशा वस्तूला प्लग म्हणतात. तळहातावर मावेल एवढी ती वस्तू. पण ती निकामी झाली, की सारे विमान जागच्या जागी उभे राहते. अस्पीचे प्लग बिघडले होते आणि बदलण्यासाठी त्याच्यापाशी दुसरे नव्हते. नवे प्लग कोठून तरी येईपर्यंत वाट पाहत बसणे त्याच्या नशिबी आले होते.

कराचीहून आलेल्या तरुणाने या वेळी काहीही वाईट केले नसते, तरी बक्षीस त्याच्या पदरात पडण्याचा संभव होता. त्याने केवळ शुभेच्छा द्यायच्या, आपल्या विमानात पेट्रोल भरायचे आणि पुढे निघायचे. कोणीही त्याला दोष दिला नसता. परंतु त्याने आपल्या सामानातील जादा प्लग काढले आणि ते अस्पीच्या हाती ठेवले. त्याच्यापुढे अजून भूमध्य समुद्र ओलांडायचा होता, हे अस्पीला ठाऊक होते. समुद्रात पडल्यास माणसाला तरंगत ठेवणारे आपले जाकीट अस्पीने काढून त्याला दिले. मग एक विमान पूर्वेस गेले आणि दुसरे पश्चिमेस.

अस्पी कराचीला आधी पोहोचला. फरक केवळ काही तासांचा होता. बक्षीस अस्पीला मिळाले. ज्याने प्लग दिले, तो हरला.

त्या तरुणाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पुढे सारा देश त्यांना जे. आर. डी. या आद्याक्षरांनी ओळखू लागला. अस्पी जिंकला याचा आपल्याला आनंदच आहे, कारण त्या यशामुळे त्याला हवाई दलात शिरण्यास मदत झाली, असे ते पुढे सांगत. हे नुसते शिष्टाचाराचे बोलणे नव्हते. तोच अस्पी 1960 साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

जे. आर. डी. यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. त्यांची आई फ्रेंच होती. त्यांचे वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या आप्तांपैकी व त्यांच्या उद्योगातील भागीदार होते. ज्या जमशेटजींनी 1877 साली नागपूरला एम्प्रेस मिल ही कापडाची गिरणी सुरू केली, तेच हे जमशेटजी. फ्रान्सच्या समुद्रकाठी टाटा कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. तेथे ब्लेरिओ हे त्यांचे शेजारी होते. विमानातून इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी ओलांडण्याचा पराक्रम 1909 साली प्रथम ज्यांनी केला, तेच हे ब्लेरिओ. शेजारीच असा माणूस राहत असल्यावर लहान जहांगीरचे डोळे आकाशाकडे लागले, यात नवल ते काय! पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारावयास मिळाली, आणि आपण वैमानिक व्हायचे हे त्याने मनाशी ठरवून टाकले. परंतु संधी येण्यास बरीच वर्षे जावी लागली. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांपैकी तो पहिला होता. त्यावर क्रमांकच 1 असा होता.

त्या काळी परदेशचे टपाल इंग्रजी कंपनीच्या विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून पुढे ते आगगाडीने मुंबईस, मद्रासेस व अन्यत्र जात असे. हजारो मैल आकाशातून वेगाने आलेले पत्र अखेरच्या टप्प्यात रेंगाळे. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका अनुभवी वैमानिकाच्या मनात आले, की कराचीपासून मद्रासपर्यंत हे टपाल विमानाने नेता येईल. ही कल्पना घेऊन तो जे. आर. डी. यांच्याकडे आला. त्या वेळी टाटा उद्योगाचे प्रमुख सर दोराबजी टाटा होते. ते वृद्ध झाले होते आणि या नव्या धाडसाविषयी त्यांना फारसा उत्साह नव्हता. पण अखेर त्यांनी संमती दिली. सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम उभे राहिले. सरकारकडून आर्थिक साहाय्य काही मिळाले नाही.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी जे. आर. डी. कराचीहून निघाले. विमान होते एका यंत्राचे, पस मॉथ जातीचे, आणि ओझे होते सुमारे पंचवीस किलो टपालाचे. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. वाटेत अहमदाबादला विमान उतरले. तेथे त्यासाठी पेट्रोलचे डबे आणले होते बैलगाडीतून! बैलगाडी आणि विमान ही दोन वाहने त्या दिवशी शेजारी शेजारी उभी होती, आणि एकावाचून दुसऱ्याचे पाऊल पुढे पडणार नव्हते. दुपारी जे. आर. डी. मुंबईस जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या विमानातून टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

जुहूचा तो तळ म्हणजे समुद्रालगतची एक चिखलाची पट्टी होती. पावसाळ्यात मोठी भरती आली, की ती सारी पाण्याखाली जाई. मग काय करावे? दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन कारागीर असा सगळा संसार उचलून पुण्याला हलवीत. तेथे येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका मैदानावर विमाने उतरत. रात्री वाट दाखविणारे दिवे नाहीत, ढगांची वार्ता सांगणारे यंत्र नाही, सह्याद्रीवर पावसाचे दाट पडदे पडलेले. तरीही पहिल्या वर्षात टपाल वेळेवर पोहोचविण्यात या सेवेने कसूर केली नाही. सरकारी हवाई खात्याने आपल्या अहवालात या वक्तशीरपणाची मुद्दाम प्रशंसा केली. त्या वर्षात विमाने एक लाख साठ हजार मैल उडाली.

एवढ्या लहान संसारात धनी कोण आणि नोकर कोण, हा भेद फारसा उरत नाही. जे. आर. डी. 1938 साली सर्व टाटा उद्योगांचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. पोलाद, वीज, कापड असा केवढा तरी व्याप त्यांच्या खांद्यावर आला. तरी त्यांचा जीव गुंतलेला राहिला तो विमानांत. ज्याने ही कल्पना त्यांच्याकडे आणली, तो व्हिन्सेंट मात्र फार काळ लाभला नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 साली, इंग्लंडला जात असता त्याचे विमान शत्रूने पाडले. टाटांच्या विमानसेवेचा पाया घालण्याचे श्रेय जे. आर. डी. त्याला नेहमी मोकळ्या मनाने देत.

1946 साली या विमानसेवेचे एअर-इंडिया असे नाव झाले. याच सुमारास मोठ्या पागोट्याचा, टोकदार मिशांचा, वाकून नमस्कार करणारा तो महाराजा जन्मास आला. तो कंपनीतील सोराब कुका व चित्रकार उमेश राव या दोघांनी घडविला होता. कुकांच्या जाहिराती मोठमोठ्यांची थट्टा करीत. कधी कधी तक्रारीही येत. परंतु जे. आर. डी. आपल्या माणसाच्या विनोदावर सहसा कात्री चालवीत नसत. ज्याला जे काम उत्तम येते, ते त्याला करू द्यावे, अशी त्यांची रीत होती.

8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे एअर-इंडियाचे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा हे दोन थांबे होते. स्वतंत्र भारताच्या विमानाचे युरोपला जाणारे हे पहिलेच नियमित उड्डाण. स्वतः जे. आर. डी. त्या विमानात होते. वर्षापूर्वी जो देश स्वतंत्रही नव्हता, त्याचे विमान वेळेवर पोहोचते की नाही इकडे साऱ्यांचे लक्ष असणार, ही काळजी त्यांच्या मनात होती. विमान वेळेवर पोहोचले.

याच काळात नागपूरला एक निराळाच प्रयोग चालू झाला होता. 30 जानेवारी 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत. मध्यरात्रीच्या सुमारास ती सर्व सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पुन्हा आपापल्या वाटेने जात. नागपूर हे देशाच्या मध्यावर असल्यामुळे हा मान त्याला मिळाला. नागभीडकडून नागपूरला येणाऱ्या त्या वेळच्या छोट्या रुळांच्या मार्गावर भिवापूर हे गाव लागे. तेथील मिरचीची पेठ सर्वांना ठाऊक आहे. अशा गावच्या एखाद्या व्यापाऱ्याने कलकत्त्याच्या पेढीला लिहिलेले पत्रदेखील नागपूरला येऊन पोहोचले, की उजाडेपर्यंत शेकडो मैल दूर जाऊ शकत होते. ही योजना टाटांची नव्हती, उलट जे. आर. डी. यांचा तिला विरोध होता. रात्री विमाने उतरविण्याच्या पुरेशा सोयी नसताना असे साहस करू नये, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी मंत्र्यांपुढेही स्पष्टपणे मांडले. ही सेवा पुढे दीर्घकाळ चालली, हे खरे. पण वैमानिकांच्या जिवाची त्यांना वाटणारी चिंता त्यामुळे पोकळ ठरत नाही. पुढच्याच वर्षी, 3 नोव्हेंबर 1950 रोजी, तीच ‘मलबार प्रिन्सेस’ युरोपातील माँ ब्लां या हिमशिखरावर आदळली आणि तिच्यातील अठ्ठेचाळीस जण मृत्यू पावले. आकाशात केलेली लहानशी चूकही किती महाग पडते, हे अशा प्रसंगांनी कळते.

1953 साली सरकारने सर्व विमान कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. जे. आर. डी. यांना हा निर्णय पसंत नव्हता. तो ज्या प्रकारे घेतला गेला, त्याचेही त्यांना दुःख झाले. आपण लावलेले रोप दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावर माणूस पाठ फिरवून निघून जातो. पण सरकारने परदेशी जाणाऱ्या विमानसेवेचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले, तेव्हा त्यांनी ते स्वीकारले. आपल्याबरोबर इतकी वर्षे राबलेल्या माणसांना वाऱ्यावर सोडू नये आणि सेवेचा दर्जा खालावू नये, हा विचार त्यामागे होता. या कामाचे वेतन त्यांनी घेतले नाही. असे त्यांनी एक दोन नव्हे, जवळजवळ पंचवीस वर्षे काम केले.

त्यांचे लक्ष कोठे असे आणि कोठे नसे, हे सांगणे कठीण. उतारू म्हणून ते विमानात बसले, की त्यांच्या जवळ टिपणवही असावयाची. प्रवास संपला, की महाव्यवस्थापक बखले यांच्याकडे टिपणे जात. खुर्चीची पाठ किती कलते, पडद्यांचा रंग कसा आहे, जेवण गरम होते की नाही, अशा बारीकसारीक गोष्टींची त्यांत नोंद असे. एका टिपणात तर त्यांनी लिहिले होते, की विमानात मिळालेला चहा रंगाने कॉफीपासून वेगळा ओळखता येत नव्हता! वाचणाऱ्याला हसू येई आणि घामही फुटे.

असा डोळ्यांत तेल घालून पाहणारा अधिकारी सहसा कोणाला आवडत नाही. जे. आर. डी. आवडत, याचे कारण त्यांच्या हातांत होते. एकदा विमानतळावर कंपनीच्या तिकिटाच्या टेबलावर धूळ साचलेली त्यांना दिसली. त्यांनी कोणाला हाक मारली नाही, कोणावर आवाज चढविला नाही. फडके मागवून घेतले आणि स्वतःच टेबल पुसू लागले. विमानातील स्वच्छतागृह अस्वच्छ आढळले, तेव्हा तेही साफ करावयास ते स्वतः पुढे झाले. ज्याच्या हाताखाली शेकडो अधिकारी आहेत, त्याने हे करावे! त्या टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. टिपणातले शंभर शब्द तो विसरला असता. ते फडके विसरणे शक्य नव्हते. माणसांना मायेने पुढे न्यावे लागते, असे जे. आर. डी. म्हणत. चुकीची नोंद मात्र ते मायेपोटी कधी गाळीत नसत.

वक्तशीरपणाविषयीही त्यांचा आग्रह तसाच होता. जिनिव्हात लोक एअर-इंडियाचे विमान दिसले म्हणजे आपले घड्याळ लावून घेत, अशी एक आख्यायिका सांगतात. घड्याळांसाठीच प्रसिद्ध असलेल्या देशात हे घडावे, यातच तिची गंमत आहे.

मग 1978 सालचा फेब्रुवारी महिना उजाडला. सरकारने जे. आर. डी. यांना अध्यक्षपदावरून दूर केले. शासनाचे पत्र हाती पडण्यापूर्वीच ही वार्ता त्यांना दुसऱ्याकडून कळली. सेहेचाळीस वर्षे ज्या कामाला वाहून घेतले, ते असे सुटले. त्यांना वाईट वाटले, हे त्यांनी लपविले नाही. परंतु खरी गोष्ट पुढे घडली. एअर-इंडियाच्या व्यवस्थापकीय संचालकांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या खालोखाल असलेल्या अधिकाऱ्यानेही तेच केले. कामगारांच्या संघटनांनी निषेध नोंदविला. ज्याच्याकडून आता बढती मिळणार नव्हती, पगारवाढ मिळणार नव्हती, कसलाच लाभ होणार नव्हता, अशा माणसासाठी हे सारे झाले. अधिकारावर असलेल्या माणसाभोवती गर्दी नेहमीच असते. अधिकार गेल्यावर कोण उभे राहते, ते पाहावे लागते. 1980 साली नव्या सरकारने जे. आर. डी. यांना एअर-इंडियाच्या संचालक मंडळावर पुन्हा सन्मानाने घेतले. अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे परत आले नाही.

1992 साली त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब देण्यात आला. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. ज्या पॅरिसमध्ये ते जन्मले, तेथेच त्यांचे दफन झाले. सरकारने घेतलेली एअर-इंडिया 2022 सालच्या जानेवारीत पुन्हा टाटांकडे आली. ते पाहावयास ते नव्हते.

त्यांच्या वृद्धपणातील एक दिवस मात्र सांगितलाच पाहिजे. 15 ऑक्टोबर 1982. कराची-मुंबई टपालाच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी पन्नास वर्षे होत होती. आता आकाशातून चारशे उतारू वाहून नेणारी विमाने जात होती. जे. आर. डी. यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी जुन्या जातीचे, एका यंत्राचे लेपर्ड मॉथ विमान घेतले आणि कराचीहून ते एकट्याने उडविले. पुढच्या पिढीतील तरुणांना त्या साहसाची गोडी लागावी, अशी त्यांची इच्छा होती. अहमदाबादला पेट्रोल भरण्यासाठी ते पूर्वीप्रमाणेच थांबले. या वेळी बैलगाडीची गरज नव्हती. दुपारनंतर जुहूच्या तळावर जमलेल्या लोकांना दूर समुद्राच्या बाजूला एक लहानसा ठिपका दिसला. तो हळूहळू मोठा झाला, यंत्राचा घरघर आवाज कानी आला, आणि विमान अलगद धावपट्टीवर उतरले.